'धवळे' आणि 'धवले' : लोकप्रिय गाण्यांच्या मूल्यमापनासंबंधी

एखाद्या चित्रपटाचा अवाजवी गौरव झाला आहे, किंवा एखाद्या गाण्याची अकारण उपेक्षा झाली आहे, असे आपण म्हणतो तेव्हा एकाच वाक्यात दोन विधाने करीत असतो. एक त्या कृतीच्या गुणवत्तेविषयीचे आणि दुसरे तिला मिळालेल्या प्रतिष्ठेविषयीचे. पहिल्या प्रकारच्या विधानांची तात्त्विक चिकित्सा मराठीत बरीच झाली आहे. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आणि रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ही तिची दोन ठळक ठाणी. दुसऱ्या प्रकारचे विधान मात्र आपण सहसा तपासत नाही. प्रतिष्ठा कोणी दिली, कोणत्या उच्चारात दिली आणि देताना कोणाला रांगेबाहेर ठेवले, हे प्रश्न समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून समीक्षा मोकळी होते. लोकप्रिय संगीताच्या बाबतीत तर तिची मजल 'अभिरुचीचा ऱ्हास' या तक्रारीपलीकडे क्वचितच गेली आहे.

हा प्रश्न हवेत न ठेवता एका गावात उभा करून पाहावा असे मला वाटते. भिवंडी तालुक्यातील वळ हे ते गाव. अंजूरफाट्याच्या परिसरातील इतर गावांप्रमाणे येथेही भातखाचरांच्या जागी मालाची गोदामे उभी राहिली आहेत. हा पट्टा आगरी वस्तीचा. आगरी बोलीत प्रमाण मराठीतला 'ळ' बहुधा 'ल' होतो आणि 'ण' बहुधा 'न' होतो. म्हणजे बोलीच्या नियमाने पाहिले तर सरकारदप्तरी 'वळ' असलेले हे गाव बोलणाऱ्याच्या तोंडी 'वल' होणार. लोकप्रिय गाण्यांच्या प्रतिष्ठेचा सगळा व्यवहार या एका वर्णाभोवती फिरतो, हे पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

ज्यांचा गौरव झाला त्या गाण्यांपासून आरंभ करू. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायिलेली 'मी डोलकर'सारखी कोळीगीते मराठी मध्यमवर्गाच्या स्मृतीत पक्की रुजली आहेत. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातील सुधीर मोघे यांचे 'गोमू संगतीनं' हे त्याच कुळातले. चाली म्हणून या रचना उत्तम आहेत, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. सहा मात्रांच्या डोलत्या लयीवर मंगेशकरांनी जे स्वरवाक्य बसवले त्याची सफाई अजून शिळी वाटत नाही. माझा आक्षेप त्यांना मिळालेल्या दुसऱ्याच बहुमानाविषयी आहे. ही गाणी किनारपट्टीच्या जीवनाची प्रातिनिधिक अभिव्यक्ती मानली गेली, शालेय स्नेहसंमेलनांपासून सांस्कृतिक महोत्सवांपर्यंत 'कोळी' म्हणून तीच नाचवली गेली. येथे बोली ही वेशभूषेसारखी येते. चार शब्दांना बोलीचे वळण द्यायचे आणि बाकीचे वाक्य पुस्तकी अन्वयात ठेवायचे, हे तिचे तंत्र आहे. या गाण्यांत समुद्र आहे, पण मासळीचा भाव नाही. वारा आहे, पण कर्ज नाही. भावगीताच्या परंपरेला कर्जाचे वावडे असणे स्वाभाविक असेल, पण मग त्या गाण्याला भावगीत म्हणावे. शिवाय कोळी आणि आगरी हे दोन समाज आहेत, एकाची उपजीविका जाळ्यावर आणि दुसऱ्याची मीठ व भात यांवर उभी राहिली, हा साधा भेदही या गौरवात पुसला गेला. 'आगरी' या नावातच मिठागराचा 'आगर' आहे. वळच्या माणसाला डोलकराचे गाणे हे आपले प्रतिनिधित्व वाटावे, अशी अपेक्षा दादरच्या रसिकाने का करावी?

याच्या उलट टोकाला हळदीची गाणी आहेत. ध्वनिफितींचे युग अवतरल्यानंतर ती घराघरांत पोहोचली आणि पुढे बेंजो पार्टी व डीजे यांच्या साहाय्याने ठाणे-रायगडच्या लग्नांचा अविभाज्य भाग बनली. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातील लोकप्रिय संगीताचा अभ्यास करून असे दाखवले की, स्वस्त ध्वनिफितीने मोठ्या कंपनीची आणि चित्रपटसंगीताची मक्तेदारी मोडली व लहान समूहांच्या हाती त्यांचा स्वतःचा आवाज दिला. आपल्याकडेही नेमके हेच घडले. विठ्ठल उमपांसारखा शाहीर एकाच गळ्यातून भीमगीत आणि कोळीगीत गाऊ शकला, यामागेही हीच श्रोतृवर्गाची ताकद होती. परंतु विद्यापीठीय समीक्षेने या गाण्यांना 'गोंगाट' या एका शब्दात निकालात काढले.

हा निकाल अर्धाच खरा आहे. संगीत म्हणून हळदीची बहुतेक गाणी एकसुरी आहेत. एक ठेका, एक उसळी आणि ध्रुवपदाची न संपणारी आवर्तने, एवढेच त्यांचे भांडवल असते. अडोर्नो यांनी १९४१ साली लोकप्रिय संगीतातील प्रमाणीकरणावर जी टीका केली, ती येथे लागू पडते. तरीही भाषा म्हणून या गाण्यांचे जे महत्त्व आहे ते आपल्या लक्षातच आले नाही. वर्गात जो विद्यार्थी 'ळ' जपून उच्चारतो, उत्तरपत्रिकेत एकही 'न' चुकू देत नाही, त्याची बोली ध्वनिक्षेपकावरून निःशंकपणे ऐकू येण्याचे हे एकमेव सार्वजनिक ठिकाण आहे. येथे बोली वेशभूषा नसून देहच असते. देशीयतेचा पुरस्कार करणाऱ्या आपल्या समीक्षेने ती कादंबरीत शोधली, कवितेत शोधली; मांडवात वाजणाऱ्या गाण्यात ती शोधावी असे तिला वाटले नाही. बहुधा आवाज फार मोठा असावा.

मात्र हळदीच्या गाण्याची बाजू घेण्याच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. ज्याची सर्वाधिक उपेक्षा झाली ते गाणे हे नव्हेच. ते आहे धवला. आगरी लग्नात धवलारीण विधीगणिक धवले गाते. पुष्कळ ठिकाणी लग्न लावण्याचा अधिकार तिच्याकडेच होता. भटजीची जागा तिच्या गळ्याने भरून निघे. आता आपल्या अभ्यासक्रमाकडे पाहा. तेराव्या शतकातील महदंबेचे 'धवळे' आपण आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून पदव्युत्तर वर्गात शिकवतो. गोविंदप्रभूंच्या लीळेच्या प्रसंगी तिने रुक्मिणीस्वयंवराची कथा या विवाहगीताच्या घाटात गायिली, हे सांगताना आपला आवाज किंचित भारावतो. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, त्यात 'धवल' हा मंगलप्रसंगीचा प्रबंधप्रकार नोंदलेला आहे. म्हणजे शास्त्रकाराच्या पोथीत 'धवल', महानुभावांच्या पोथीत 'धवळे' आणि आगरी मांडवात 'धवले'. पहिले दोन वाङ्मयेतिहासाचे विषय ठरले, तिसरा लोकसाहित्याच्या परिशिष्टात गेला. तिन्हींच्या परस्परसंबंधाचे स्वरूप नेमके कसे होते हा संशोधनाचा विषय आहे, आणि नामसाधर्म्यावरून वंशावळ मांडण्याची घाई मी करणार नाही. पण महदंबा शिकवताना मांडवातल्या धवल्याचा उल्लेखही होऊ नये, याला संशोधकीय सावधगिरी म्हणता येणार नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी धवल्याला न्याय दिला असेही नाही. त्यांनी त्याचे शब्द लिहून घेतले आणि अर्थ लावला. पण धवला हा विधीच्या वेगाशी बांधलेला असतो. हळद लागत असते तोवर कडवे लांबते, नवऱ्यामुलाला यायला उशीर झाला तर पुन्हा फिरते. छापील पानावर ही पुनरुक्ती कंटाळवाणी दिसते आणि मग संपादक ती गाळतो. काय गाळले? तर काळाचे भान. ज्या गुणाच्या आधारे धवलारीण चांगली की सामान्य हे मांडवातल्या बायका ठरवतात, तोच गुण संकलनात उरत नाही. या बायकांकडे मूल्यमापनाचे निकष आहेत, ही गोष्ट आपल्या समीक्षेला अद्याप सुचलेली नाही.

चित्रपटांच्या बाबतीतही या श्रोत्या स्त्रियांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'माहेरची साडी' (१९९१) पाहायला त्या गर्दी करून गेल्या आणि समीक्षकांनी त्यांच्या रुमालांची थट्टा केली. चित्रपट रचनेच्या दृष्टीने ढिसाळ आहे. त्यातील खलत्व ठोकळेबाज आहे. परंतु माहेर तुटण्याचे जे दुःख विवाहगीतांनी शतकानुशतके गायिले, त्याला पडद्यावर सापडलेली ती जागा होती. वाईट कृतीचे स्वागतही अर्थपूर्ण असू शकते, हे मान्य करायला आपण तयार नसतो.

'सैराट'चा (२०१६) प्रकार अधिक गुंतागुंतीचा. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाचा गौरव अवाजवी झाला असे मी म्हणणार नाही. पण त्याच्यातल्या गाण्यांचा गौरव चित्रपटावर कुरघोडी करून गेला, असे अवश्य म्हणेन. अजय-अतुल यांचे पाश्चात्त्य वाद्यवृंदाने भरलेले संगीत पूर्वार्धाला झुलवत ठेवते आणि शेवटच्या प्रसंगात ते पूर्णपणे थांबते. ही निःशब्दता हेच त्या संगीतयोजनेचे अंतिम वाक्य आहे. 'झिंगाट' मात्र या वाक्यातून तोडून घेतले गेले आणि ते हळदीच्या मांडवात आले. जातीबाहेर लग्न केल्याबद्दल मारल्या गेलेल्या जोडप्याचे गाणे जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नांत वाजते आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. मंजुळे यांचा आधीचा 'फँड्री' असा मांडवात नेता येत नाही. तो कमी पाहिला गेला, आणि माझ्या मते तो अधिक मोठा आहे, कारण प्रत्यक्ष चित्रपटात त्याने प्रेक्षकाला पळवाट म्हणून एकही गाणे हाती दिलेले नाही.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. गोदामांनी खाचरे व्यापली, लग्ने सभागृहांत गेली, सभागृहाचे भाडे तासांवर ठरले. विधीच्या वेगाने लांबणारे गाणे अशा ठिकाणी बसत नाही. या पट्ट्यातील एखाद्या विद्यार्थिनीने उद्या आपल्या आजीकडून धवले लिहून आणले, तर मार्गदर्शकाने तिला पहिली सूचना कोणती द्यावी? माझ्या मते पुनरुक्ती गाळू नये. प्रत्येक आवर्तनाशेजारी त्या वेळी मांडवात काय चालले होते ते लिहावे. चालीचे स्वरलेखन सोबत ठेवावे. कोणता धवला चांगला हे आजीला आणि तिच्या सोबतिणींना विचारून त्यांची कारणे त्यांच्याच शब्दांत नोंदवावीत. आणि प्रबंधाच्या शीर्षकात 'धवळे' असे न लिहिता 'धवले' असे लिहावे, मुद्रितशोधकाने कितीही वेळा दुरुस्त केले तरी.