सोवळे, संताप आणि अंतःकरण : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

परभणी जिल्ह्यातील चारठाण्याला जुनी देवळे आहेत, बारव आहे. अशा पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत कोणी उतरावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे महाराष्ट्रात गावोगाव शतकानुशतके ठरलेले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या कृतीमागे राग होता, यात शंका नाही. परंतु तो कोणाचा सूड घेऊ पाहत नव्हता, न्याय मागत होता. अशा रागाला पाप म्हणावे काय? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचले.

राग हे सात प्रमुख पापांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने भावावर रागावणाऱ्यास खून करणाऱ्याच्याच पंक्तीला बसविले. मात्र वाळलेल्या हाताच्या मनुष्याला बरे करताना प्रभूने सभोवतालच्या लोकांकडे रागाने पाहिले, असे संत मार्क नमूद करतो. आणि त्याच श्वासात त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे प्रभूला दुःख झाले, असेही सांगतो. धर्म्य क्रोधाची खूण आम्हांला येथे सापडते. त्या रागाच्या पोटी दुःख असते. संत थॉमस अॅक्वायनसने रागाला सरसकट दोषी ठरविले नाही; तो विवेकाच्या आज्ञेत आहे की विवेकावर स्वार झाला आहे, एवढेच त्याने विचारले.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई आपल्या मंडळीच्या नव्हेत. टिळक कुटुंब अमेरिकन मिशनच्या मंडळीतले. तरीही अंतःकरणाची इतकी निर्भीड तपासणी मराठी ख्रिस्ती साहित्यात अन्यत्र क्वचितच आढळेल. ग्रंथाच्या आरंभीच नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांचे सासरे फाशी गेले आणि वडिलांना सोवळ्याने पछाडले. मीठ, साखरदेखील धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली! त्या घरातील बायकामुलांनी जे सोसले, ते वाचताना आपल्याला हसू येते आणि पाठोपाठ वाईटही वाटते. मनुष्याला विटाळ बाहेरून आत जाणाऱ्या वस्तूंनी होत नाही, अंतःकरणातून निघणाऱ्या गोष्टींनी होतो, ही संत मार्कच्या सातव्या अध्यायातील शिकवण लक्ष्मीबाई उपदेश म्हणून सांगत नाहीत. ते घर त्या आपल्यापुढे उभे करतात, आणि अर्थ आपोआप उमगतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीचा संसार एका दिवसात उद्ध्वस्त झाला. लक्ष्मीबाईंना रागावण्याचा पूर्ण हक्क होता, आणि तो राग, तो आकांत त्यांनी लपविलेला नाही. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ जपले. मग मनाशी झगडता झगडता, जाती देवाने केल्या नसून माणसाने केल्या, हे त्यांना उमगले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते या ग्रंथाचे शिखर त्या विधीत नाही. सोवळे गळून पडले त्या क्षणात आहे. पाण्यापूर्वी अंतःकरण धुतले गेले.

टिळकांचा राग मात्र दोन प्रकारचा होता. एक घरातला : चटकन भडकणारा, न सांगता घराबाहेर पडणारा, तितक्याच चटकन विझणारा. दुसरा देवाच्या घराविषयीचा. हिंदी ख्रिस्ती मंडळीवरील परदेशी वर्चस्व त्यांना सलत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. प्रभूने आसूड उगारला तो आपल्याच पित्याच्या मंदिरात, हे येथे आठवते. धर्म्य क्रोध परक्याच्या दारी जाण्याआधी स्वतःच्या घरी येतो.

येथेच आम्हांला या थोर ग्रंथाबद्दल एक शंका नोंदवावीशी वाटते. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका उदार आहे की त्या विनोदाच्या पदराआड टिळकांचा तापटपणा गोड वाटू लागतो. त्यांनी क्षमा केली, हा त्यांचा मोठेपणा. वाचकाने त्यावरून तापट नवऱ्यांना सूट द्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या किती घरांत ‘राग येतो त्यांना, पण मनाने चांगले आहेत’ असे सांगत स्त्रिया आयुष्य काढतात! मन चांगले असेल तर ते जिभेवर आणि हातावर का दिसू नये? उलट, गावात अन्याय झाला, मजुराची मजुरी बुडाली, कोणाला पंक्तीतून उठविले, की हेच आपण शांतीचे पुतळे बनतो. जेथे रागवावे तेथे मौन आणि जेथे मौन धरावे तेथे संताप, असा आपला उलटा व्यवहार आहे.

सूर्य मावळण्यापूर्वी राग आवरा, असे संत पौल इफिसकरांस लिहितो. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेला बसताना एक प्रश्न स्वतःला विचारावा : आज आपण रागावलो ते दुसऱ्याच्या दुःखाने की स्वतःच्या दुखावलेल्या मानाने? उत्तर देणे जड जाईल. त्या वेळी ‘स्मृतिचित्रे’ हाताशी असावे. आपलेच दोष हसत हसत कबूल करण्याचे धैर्य लक्ष्मीबाईंकडून घेण्यासारखे आहे.