‘अमेरिकन सायको’ : खून झाले की नाही, हा प्रश्नच नाही

कादंबरीवरून केलेला चित्रपट पाहिला की आपण लगेच विचारतो, मूळ किती राखलं? आज आपण वेगळा प्रश्न घेऊ : कोणाच्या डोळ्यांनी दाखवलं?

ब्रेट ईस्टन एलिस यांची ‘अमेरिकन सायको’ ही कादंबरी १९९१ सालची. पहिल्या प्रकाशकाने ऐनवेळी हात झटकले, मग दुसऱ्याने ती छापली. अमेरिकेतल्या स्त्री-संघटनेने बहिष्काराची हाक दिली. निवेदक पॅट्रिक बेटमन हा ऐंशीच्या दशकातला वॉल स्ट्रीटवरचा श्रीमंत तरुण. सूट कोणत्या कंपनीचा, हे तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात बाईला कसं मारलं हेही सांगतो. माणूस आणि माल यांत त्याला फरकच उरलेला नाही. कान्टच्या भाषेत, समोरची व्यक्ती त्याच्यासाठी निव्वळ साधन आहे.

पण आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणंही आपण नीट ऐकायला हवं. बाईच्या वेदनेची अशी पानंच्या पानं लिहायची, तर ती टीका होते की त्याच बाजारातला आणखी एक माल? कादंबरी आपल्याला बेटमनच्या डोक्याबाहेर पडूच देत नाही. तिची ताकद तीच आणि धोकाही तोच.

मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर, बेताच्या पैशात बनलेला चित्रपट २००० साली आला. दिग्दर्शक मेरी हॅरन. पटकथा त्यांची आणि ग्विनेव्हिअर टर्नर यांची. त्यांनी बरीचशी हिंसा पडद्याबाहेर ठेवली. एवढंच केलं असतं तर त्याला आपण नुसती सभ्यता म्हटलं असतं. महत्त्वाचं हे की त्यांनी कॅमेरा बेटमनच्या डोक्यातून बाहेर काढला. रस्त्यावरून गाडीत घेतलेल्या त्या बाईचा चेहरा आठवा. तो संगीतावर प्रवचन झोडतोय आणि ती फक्त अंदाज घेतेय, इथून सुटता येईल का? कादंबरीत जी वस्तू होती, ती इथे पाहणारी व्यक्ती झाली.

व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग घ्या. सगळे व्हाइस प्रेसिडेंट, कार्डं जवळपास सारखीच. तरी दुसऱ्याचं कार्ड सरस निघालं म्हणून बेटमनला घाम फुटतो. लगेच पुढच्या प्रसंगात तो गल्लीतल्या बेघर माणसाला भोसकतो. हसता हसता आपला घसा कोरडा पडतो. आपल्याकडे म्हणतात, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. इथे उलटं आहे. इथे दिसतं तेवढंच आहे, मुखवट्यामागे कोणी नाहीच.

प्रेक्षक मात्र वाद घालत बसतात : खून खरे की भास? आम्हाला वाटतं, शेवटाकडे पाहा. बेटमन वकिलाला फोनवर कबुली देतो. दुसऱ्या दिवशी वकील त्याला भलताच कोणी समजतो आणि ती थट्टा म्हणून हसण्यावारी नेतो. गुन्हा घडला असो वा नसो, तो ऐकून घ्यायला या जगात कोणाला सवड नाही. शिक्षा होण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी तुम्हाला ओळखावं लागतं!

आता दोष. ख्रिश्चन बेलचं पिळदार शरीर आणि त्याची टापटीप इतकी देखणी टिपली आहे की आज इंटरनेटवर कित्येक तरुण बेटमनला आदर्श मानतात. ज्यांची टर उडवली त्यांनीच ती आरती म्हणून ऐकली. याचं सगळं खापर हॅरन यांच्यावर फोडता येणार नाही. पण शब्दांत कंटाळा आणता येतो. पडद्यावर सुंदर पृष्ठभाग सुंदरच दिसतो. कादंबरीतल्या त्या रटाळ याद्या वाचकाला गुदमरवतात, चित्रपटात तेच चटपटीत होतं.

म्हणून आमचा निवाडा असा : माणसाकडे पाहण्याच्या बाबतीत चित्रपट कादंबरीच्या पुढे आहे, गुदमरवण्याच्या बाबतीत मागे. पुन्हा पाहाल तेव्हा बेटमनकडे नको, त्याच्यासमोर बसलेल्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा. खरा चित्रपट तिथे चालू आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.