दुसरी मातृभूमी, की पहिली?

श्रीमती अनुराधा भट्टाचार्जी यांचा 'द सेकंड होमलँड' हा इंग्रजी ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आश्रयास आलेल्या पोलिश निर्वासितांची हकीकत त्यात आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने घरादारांतून उचलून ज्यांस सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले, त्यांपैकी काही इराणमार्गे इकडे आले. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांस ठाव दिला. १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे ५००० जणांची वसाहत वसली. तीत बायकामुलेच अधिक. ही हकीकत मराठी वाचकांनी अवश्य वाचावी.

ग्रंथाच्या नावाविषयी मात्र आमचा मतभेद आहे. 'दुसरी मातृभूमी' म्हटले की यजमानाचे औदार्य डोळ्यांत भरते. आणि ते होतेच. पण आप्त गमावलेल्या पोराचे मन नुसत्या अन्नवस्त्राने सावरत नाही. वळिवड्यास पोलिश शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत. आज झालेली शाळेची घंटा उद्याही होणार, हा भरवसा. आणि दुःख सांगावेसे वाटले तर ते आपल्याच भाषेत ऐकणारे माणूस जवळ आहे, हा दुसरा. कोल्हापूरने या मुलांस दुसरी मातृभूमी दिली यापेक्षा, पहिली जपावयास जागा दिली, हे आम्हांस थोर वाटते.

हा ग्रंथ आम्ही सुरगाण्यास वाचला, म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. येथील कित्येक आदिवासी कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जातात. मुलेही बरोबर जातात. त्यांस निर्वासित म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे आईबाप जवळ असतात, गाव मागे शाबूत असतो. तथापि वर्षाच्या मध्येच शाळा तुटणे, सोबती तुटणे आणि आपली बोली परक्यांत हसण्यावारी जाणे, ही त्याच दुखण्याची लहान रूपे होत. अशा मुलास भाकरी व पाटी दिली की कर्तव्य संपले, असे आपण मानतो. जेथे वैद्याची गरज असेल तेथे वैद्य हवाच; पण त्याआधी शाळेची घंटा मळ्यापर्यंत पोचावी, आणि गुरुजींनी मुलाची विचारपूस त्याच्या बोलीत करावी. वळिवड्यास हे ऐन युद्धात साधले. आपणांस न साधण्याचे कारण कोणते?