बिअरचें रसग्रहण

मराठवाड्यांतील आष्टी हें माझें गांव. बीड जिल्ह्यांतील आष्टी ती ही नव्हे. आणि १९४२ च्या लढ्यानें गाजलेली वर्धा जिल्ह्यांतील आष्टीही नव्हे, कारण तो जिल्हा १९७४ पासून दारूबंदींत आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेथें काढण्याचीही सोय नाहीं. माझी आष्टी जालना जिल्ह्यांतली, परतूर तालुक्यांतली, काळ्या रानांत वसलेली. तेथें बिअर होत नाहीं; ज्वारी होते, कापूस होतो, आणि पाऊस झाला तर तूरही होते. अशा गांवच्या, सारा जन्म इंग्रजी काव्य शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें बिअरच्या प्रकारांची तुलना करावयास बसावें यांत कांहीं वाचकांस विनोद दिसेल, कांहींस अनौचित्य दिसेल. विनोद मला मान्य आहे. अनौचित्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे, कारण तो आक्षेप मीं स्वतःवर घेऊन पाहिला आहे आणि तो सर्वस्वी खोटा ठरला नाहीं.

आपल्या सुशिक्षित घरांत पेयांसंबंधीं दोनच मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, पिणें वाईट. दुसरें म्हणतें, त्यांत काय एवढें! जें प्यालें जातें तें चांगलें केलेलें आहे कीं वाईट, हा प्रश्न दोन्ही पक्षांस पडत नाहीं. कादंबरीसंबंधीं एके काळीं आपल्याकडे हेंच चाललें होतें. मुलींनीं कादंबऱ्या वाचाव्या कीं नाहीं यावर लोक तावातावानें भांडत; परंतु अमुक एक कादंबरी साधली आहे कीं नाहीं हें पाहण्यास कोणास सवड नसे. टीका सुरू होते ती या दुसऱ्या प्रश्नापासून. बोहेमियांतील पिल्झेन शहराच्या नागरिकांनीं १८३८ सालीं बिघडलेल्या बिअरचीं ३६ पिंपें भर चौकांत ओतून दिलीं. इतकी प्रामाणिक टीका मराठी नियतकालिकांत क्वचितच आली असेल. तिचा परिणामही झाला. नगरानें नवी भट्टी उभारली, बव्हेरियांतून योझेफ ग्रोल नांवाचा कारागीर आणविला, आणि १८४२ त त्यानें जी सोनेरी, स्वच्छ, किंचित् कडवट बिअर काढली तिचीं दूरचीं नातवंडें आज जगभर बाटल्यांत भरलीं जातात.

हा प्रकारभेदाचा विचार परकीय आहे असेंही नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार वेगवेगळे सांगितले असून मेदकाचें मापही दिलें आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. म्हणजे मेदक ही तांदळाच्या बिअरचीच बहीण. कौटिल्य पिणारांवर नजर ठेवावयास सांगतो, कार्यप्रसंगीं कुटुंबांना घरीं पांढरी सुरा करण्याची मोकळीकही देतो. परंतु एकाचें नांव दुसऱ्यास देत नाहीं. आपण मात्र ‘दारू’ हा एकच शब्द ठेवून सगळें त्यांत ओतलें आहे.

माझी स्वतःची ओळख उशिरा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाली. पुण्यास नोकरीला असलेला भाचा एके संध्याकाळीं म्हणाला, “मामा, तुम्ही शेक्सपिअर शिकवतां आणि एल कशी लागते हें तुम्हांला ठाऊक नाहीं, हें कांहीं बरें नव्हे.” फॉल्स्टाफ पितो तें शेरीच्या जातीचें मद्य, एल नव्हे, असें मीं त्यास सांगितलें, पण तो वकिली मुद्दा होता आणि मी गेलों.

महाराष्ट्रांत लहान भट्ट्यांची, म्हणजे ज्यांस मायक्रोब्रुअरी म्हणतात त्यांची, सुरुवात २००९ सालीं पुण्यांत ‘डूलाली’नें केली. या नांवाची कुळकथा मराठी वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे. नाशिकजवळच्या देवळालीस इंग्रजांची लष्करी छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथें महिनेच्या महिने रिकामे बसत, आणि उन्हानें व कंटाळ्यानें त्यांचीं डोकीं फिरत. त्या अवस्थेस ‘देवळाली ताप’ असें नांव पडलें. ताप हा आपलाच शब्द. इंग्रजी तोंडांत त्याचें ‘डूलाली टॅप’ झालें, पुढें ताप गळाला आणि डूलाली म्हणजे चक्रम एवढेंच उरलें. विलायतेस गेलेलें आपलें गांव शंभराहून अधिक वर्षांनीं असें पेल्यावर बसून परत आलें. २०१४ त पुण्यांतच ‘इंडिपेंडन्स’ निघाली, त्याच सुमारास मुंबईकडे ‘गेटवे’, पुढें पुण्याचेंच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’, आणि गोव्याच्या भट्ट्या. साऱ्यांची यादी देण्यांत अर्थ नाहीं. लहान भट्टीचा माल खेपेगणिक बदलतो. म्हणून मी भट्टीपेक्षां प्रकाराला धरून बोलतों.

नवख्यानें गव्हाच्या बिअरपासून आरंभ करावा. मात्र तिच्यांत दोन घराणीं आहेत व त्यांची गल्लत फार होते. बव्हेरियाची हेफेवायझन ढगाळ व भरदार असते आणि तिला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. तिच्यांत केळेंही नसतें, लवंगही नसते. विशिष्ट जातीचें यीस्ट आंबवतां आंबवतां तीं गंधद्रव्यें आपणच निर्माण करतें. केळ्याच्या वासाचें द्रव्य तर रसायनदृष्ट्या केळ्यांतलेंच. बेल्जमच्या विटबिअरींत वास बाहेरून येतो : धणे आणि संत्र्याची साल तींत घालतात. एक अंगच्या गळ्यावर गाणारी, दुसरी दागिने घालून बैठकीस आलेली. डूलालीनें दोन्ही काढल्या, आणि एकाच बैठकींत दोन्ही चाखल्यावर माझें मत हेफेवायझनच्या बाजूनें पडलें. विट उन्हाळ्यांत, दुपारीं, पहिल्या चार घोटांपुरती फार सुरेख लागते. मग धण्याची आठवण वाढत जाते, आणि आम्ही मराठवाड्याचे लोक धणे रोजच खातों. हेफेवायझनचा केळ्याचा वास मात्र पेला कोमट होऊं लागला कीं अधिकच उमलतो. म्हणून ती बर्फासारखी गार मागूं नये. बव्हेरियांत १५१६ सालीं जव, हॉप व पाणी यांखेरीज बिअरींत कांहीं घालूं नये असा कायदा झाला होता. तरी गहू टिकला, कारण पुढें गव्हाच्या बिअरचा मक्ता खुद्द राजघराण्याकडेच राहिला. कायदा करणारांचा मोह ही जुनीच गोष्ट आहे.

पिल्झेनर ही कारागिराची सर्वांत कठीण परीक्षा. रंग फिका, वास हलका, दोष लपविण्यास जागा नाहीं. ती थंडींत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवावी लागते, आणि रोजची विक्री डोळ्यांपुढें असलेल्या लहान भट्टीस तेवढा दम बहुधा नसतो. खारे शेंगदाणे चांगले असावे आणि पिल्झेनर चांगली असावी, मग दुसरें कांहीं नको; यांपैकीं एक अट नेहमीं मोडते, आणि ती शेंगदाण्यांची नसते.

जिच्या नांवांत आपला देश आहे त्या इंडिया पेल एलसंबंधीं मात्र थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनमधील हॉजसनची भट्टी कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास, मुंबईकडे पेल एल धाडीत असे. १८२० नंतर बर्टनच्या कारखानदारांनीं ती पेठ बळकावली. हॉप म्हणजे एका वेलीचीं फुलें. तीं कडूपणा देतात आणि बिअर टिकवितात, म्हणून या प्रवासी बिअरींत तीं सढळ हातानें पडत. ती साहेबांची बिअर. साधा शिपाई काळी पोर्टर पिई, आणि हिंदी माणसाच्या ओठांस दोहोंपैकीं एकही लागत नसे. ज्या देशाचें नांव त्या देशाला चव नाहीं, अशी ही शंभर-दीडशें वर्षांची गंमत आतां संपली आहे. गेटवेनें आपल्या आयपीएला ‘लाइक दॅट ओन्ली’ असें खास मुंबईच्या इंग्रजींतलें नांव दिलें. गोव्याची ‘एट फिंगर एडी’ तेथल्या एका जुन्या हिप्पीच्या नांवानें विकली जाते.

पहिल्या घोटाला आपले लोक तोंड वांकडें करतात आणि ‘ही इंग्रजांची चव’ असें म्हणतात. हें मला मुळींच पटत नाहीं. पाडव्याला कडुनिंबाचीं पानें चघळणाऱ्या, मेथी आणि कारलें आवडीनें खाणाऱ्या माणसाला कडूचें वावडें कसलें? संस्कृतांतील षड्रसांत कडू तो ‘तिक्त’ आणि तिखट तो ‘कटु’. मराठींत येतांना दोन्ही शब्दांनीं आपापल्या जागा बदलल्या, तरी रस आपल्या घरचाच राहिला. खरा प्रश्न असा कीं कारल्याच्या भाजींत चिंच-गूळ जें काम करतो तें आयपीएंत कोण करतें? तें भाजलेल्या माल्टानें, म्हणजे मोड आणलेल्या जवानें, करावयाचें असतें. आमच्याकडील पुष्कळ आयपीए येथेंच फसतात. कारागीर हॉप ओततो आणि त्याखालीं जवाचा गोडवा ठेवावयास विसरतो. मग ती कारल्याची भाजी राहत नाहीं, काढा होतो. ज्या पेल्यांत कडूपणा शेवटीं येतो आणि जिभेवर थोडा वेळ थांबून जातो तो पेला साधला असें मी समजतों.

आतां ‘स्ट्राँग’. महाराष्ट्राच्या अबकारी नियमांत शेंकडा ५ पर्यंत मद्यार्काची ती सौम्य आणि ५ वरून ८ पर्यंतची ती स्ट्राँग. औरंगाबादेच्या वाळूज-चिकलठाण्याकडे बिअरचे मोठाले कारखाने आहेत; आणि आमच्या भागांत बिअर मागणारा माणूस विचारतो तें एवढेंच कीं स्ट्राँग आहे ना? कविता किती पानांची आहे असें विचारणाऱ्या वाचकासारखाच हा ग्राहक. या बिअरींत साखरेचा चिकट गोडवा आणि मद्यार्काचा झोंबरेपणा यांखेरीज मला कांहीं सांपडलें नाहीं. मुद्दाम बर्फगार करून देतात तें चव लागूं नये म्हणून, असा माझा दाट संशय आहे. काळ्या स्टाउटविषयीं एका वाक्यांत सांगतां येईल : कॉफी, करपलेली भाकरी आणि गूळ यांची आठवण देणारी ही बिअर होळीच्या पुरणपोळीबरोबर उत्तम लागेल, पण तो प्रयोग माझ्या घरांत होणें शक्य नाहीं. पुण्याचें मूनशाइन मधापासून जें पेय काढतें तें बिअर नव्हेच, कौटिल्याच्या यादीकडे पाहतां त्याला निराळें नांव हवें. त्यांचें कॉफीचें मीड मात्र एकदां चाखावें.

माझें खरें मन गुंतलें तें आंबट बिअरींत. ग्रेट स्टेटनें कोकम आणि मीठ घातलेली एक एल काढली. लाइपझिगकडे मीठ व धणे घालून आंबट बिअर करण्याची जुनी चाल आहे, तिची हिला पाहून आठवण होते. पण माझ्या तोंडांत जें आठवलें तें लाइपझिग नव्हे. आमच्या घरीं ज्वारीचें पीठ ताकांत भिजवून, रात्रभर आंबवून, शिजवून आंबील करीत. लातूर-धाराशिवकडे वेळाअमावास्येला शेतांत बसून ती पितात. तोच जिभेच्या कडांवरचा आंबटपणा, तोच मिठाचा आधार. बेल्जममधील सेझॉन हीसुद्धां मुळांत शेतावर राबणाऱ्या गड्यांसाठीं केलेली बिअर; इंडिपेंडन्सनें चार धान्यांची सेझॉन काढली होती. हें सारें पीत असतां एकच विचार येत राहिला कीं माझ्या गांवचें धान्य या पंगतींत कोठें आहे? पुण्याच्या कारागिरांनीं कोकम आणलें, मध आणला, परंतु पाया जवाचाच राहिला.

ज्वारीची बिअर होत नाहीं असें नाहीं. बुर्किना फासोंत बायका ती घरीं करतात. नायजेरियानें १९८८ सालीं परदेशी माल्टाची आयात बंद केली तेव्हां तेथील मोठे कारखाने ज्वारीकडे वळले आणि त्यांना तें जमलें. अडचणी आहेत : ज्वारीचें पिष्ट विरघळण्यास जवाहून अधिक उष्णता लागते, आणि मोडांत विष असतें. कोवळे पोंगे खाऊन जनावर दगावतें हें आमच्या शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको. तेव्हां मोड वाळवून झाडून टाकावे लागतात. २००७ सालीं राज्य सरकारनें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचें धोरण आखलें आणि त्यावर कडक टीका झाली, ती योग्यच होती. त्या कारखान्यांस ज्वारी ज्वारी म्हणून नको होती. ऊर्ध्वपातनानंतर तिची चव उरतच नाहीं. मी म्हणतों ती गोष्ट याच्या उलट आहे : मालदांडीची चव जींत ओळखूं येईल अशी बिअर.

येथें तो अनौचित्याचा आक्षेप पुन्हां उभा राहतो. एक लिटर बिअरला चांगल्या कारखान्यांतही तीन-चार लिटर पाणी जातें, लहान भट्टींत त्याहून पुष्कळ अधिक. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी प्रथम निम्म्यानें आणि पुढें शेंकडा ६० नें तोडलें. त्या उन्हाळ्यांत मी गांवीं होतों, आणि तो निकाल मला अपुरा वाटला होता. आणखी एक गोष्ट. माझ्याबरोबर शाळेंत बसलेल्या एका मित्राचें घर देशी दारूनें बसलें. हैदराबाद मुक्तिसंग्रामांत आमच्या वडील पिढीनें शिंदीचीं झाडें तोडून निजामाच्या अबकारी उत्पन्नावर घाव घातला, त्या पिढीसमोर हा लेख वाचून दाखविण्याचा धीर मला झाला नसता. चवीचा विवेक माणसाला वांचवितो असें मी म्हणत नाहीं. माझ्या मित्रानें चवीसाठीं घोट घेतला नव्हता.

यंदा दिवाळींत ज्वारीच्या बिअरची ही कल्पना मीं थोरल्या भावास सांगितली. त्यानें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, “भाव काय देतील ज्वारीला?” मला सांगतां आलें नाहीं. “अन् पाणी?” तें मीं सांगितलें. “मग दादा, बरोबर आहे कीं नाहीं?” असें मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “पाऊस झाल्या वर्षीं कर.” माझें उत्तरही याहून निराळें नाहीं. दुष्काळी वर्षीं भट्ट्यांचें पाणी सर्वांआधीं तुटावें, त्यांत पुण्याच्या माझ्या आवडत्या भट्ट्याही आल्या.

ज्यांस वयाचीं २१ वर्षें पुरीं झालीं आहेत व ज्यांच्यापाशीं परवाना आहे अशा वाचकांनीं पुण्यास गेल्यास मोठा पेला मागवूं नये. नमुन्याचे लहान पेले मिळतात, ते चार घ्यावे. गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करावी, आयपीए शेवटीं ठेवावी, कारण तिच्यामागून आलेल्या कशाचीच चव लागत नाहीं. कोकमाची मिळाली तर तिला मध्यें जागा द्यावी. आणि तींत काय कमी आहे तें भट्टीवाल्यास स्पष्ट सांगावें.