शिरोरेषेवरचा भार

सावद्याजवळ एका गोदामाच्या भिंतीवर बरीच वर्षे एक ओळ टिकून होती : 'केळी उत्पादक शेतकऱ्यांचा मेळावा'. तारीख केव्हाच पुसली गेली होती, ओळ मात्र धावत्या एसटीतूनही वाचता येई. जवळजवळ तीच ओळ पुढे मला धुळ्यात एका फ्लेक्सवर दिसली. अक्षरे भिंतीवरच्यापेक्षा जाड होती, आणि वाचण्यासाठी मला थांबावे लागले. मुद्रणकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. छापखान्यांत प्रुफे तपासताना जे समजले तेवढेच माझे भांडवल. पण अक्षर जाड केल्यावर ते कमी का वाचले जावे, या प्रश्नाने मला बरीच वर्षे सोडलेले नाही.

दुरून दिसण्यासाठीचे जाड अक्षर ही जाहिरातीची गरज. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या १८१५-१७च्या नमुनापुस्तकात त्याचा एक ठसठशीत प्रकार भेटतो. रोमन अक्षरांच्या टोकांवरची नाजूक पाचर जाऊन तेथे चौकोनी ठोकळा आला, आणि बारीक व जाड रेषांमधला फरक जवळजवळ मिटला. फिगिन्सनी त्याला 'अँटिक' म्हटले. पुढे 'इजिप्शियन', आणि आता सर्वत्र 'स्लॅब सेरिफ'. १८४५चे क्लॅरेंडन आणि १९३४चे रॉकवेल याच घराण्यातले.

मराठीत असा टाइप नाही, अशी खंत अधूनमधून ऐकू येते. माझ्या मते तो आपण चुकीच्या जागी शोधतो. रोमन अक्षर पायावर उभे राहते, देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. कान्याखाली ठोकळे बसवलेले काही नमुने मी पाहिले आहेत. बगळ्याला हत्तीचे पाय लावावेत तसे ते दिसतात. शिवाय उकार, ऋकार यांनी जायचे कुठे? पायाशी ठोकळा आला की ते त्यावर आदळतात. आपला ठोकळा डोक्यावर आहे. सावद्याच्या रंगाऱ्याने शिरोरेषा कान्याइतकीच जाड ओढली होती आणि सगळी ओळ त्या एका तुळईला टांगली होती. रेषांची ही समान जाडीही परकी नव्हे. बोरूचा तिरका काप आडव्या आणि उभ्या रेषेला फारसा दुजाभाव करत नाही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्या पोथ्या पाहताना हे लगेच लक्षात येते.

खरी परीक्षा शिरोरेषेच्या खाली असते. रेषा जाड झाली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा खाल्ली जाते. ब मधली तिरपी रेघ बुजली की 'बाजार'चा 'वाजार' होतो, घ आणि ध यांची भांडणे सुरू होतात, ळ च्या दोन गाठींचे दोन ठिपके होतात. (आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, तेव्हा ळ गेला तरी आमचे अडणार नाही, असे कोणी गमतीने म्हणेलही.) सर्वांत आधी मरतो तो 'ऱ्य' मधला अर्धा र. तो चंद्रकोरीएवढा, शेजारच्या जाडजूड य ने त्याला रेटले की संपला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हा शाळेतला फरक आपण विसरलेलो नाही, पण फ्लेक्सवर 'शेतकर्यांचा' सर्रास चालते. तिथे दोष टंकणाऱ्याचाही असतो, सगळा अक्षराचा नव्हे.

टाइपमध्ये जाड वजन मुळातच घडवलेले नसेल तर संगणक अक्षराची कड सर्व बाजूंनी फुगवतो. अक्षर घडवणारा तसे करत नाही. तो अक्षर रुंद करतो, आतल्या रेघा बाहेरच्यांपेक्षा बारीक ठेवतो, गाठी उघडतो. भिंतीवरच्या 'ऱ्य'ला त्या रंगाऱ्याने दीड अक्षराची जागा दिली होती. अर्थात त्याची एक सोय होती : शब्द त्याला आधीच ठाऊक होता. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे लिहिली तीही एकेका नावासाठी. टाइप घडवणाऱ्याला उद्या कोण काय छापणार हे माहीत नसते, त्यामुळे त्याला प्रत्येक शेजार सांभाळावा लागतो.

आज उपलब्ध असलेल्या टाइपांत मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मोदक' मला सर्वांत धाडसी वाटते. त्यात पोटातली पांढरी जागा सारख्या जाडीच्या फटींवर आणून ठेवली आहे, तरी अक्षर ओळखू येते. पण ते गोलमटोल आहे. मिठाईच्या दुकानावर शोभेल, कपाशीच्या भावासाठी निघालेल्या मोर्च्यावर नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'रोझा वन' उलट टोकाचे, जाड आणि बारीक यांत कमालीचे अंतर ठेवणारे. मुखपृष्ठावर ते देखणे दिसते. पण जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात फलक विटला की आधी बारीक रेघा जातात. चौकोनी, समान जाडीचे, भरभक्कम शिरोरेषेचे आणि 'ऱ्य' जपणारे अक्षर मला अजून हवे आहे. बापूराव नाईक यांनी १९७१मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंड प्रसिद्ध केले. अशा कामाला लागणारी शिस्त तिथे आहे.

धुळ्याच्या त्या फ्लेक्सवाल्याकडे मी नंतर गेलो. संगणकावरचे 'बोल्ड' काढून तीच ओळ थोडी मोठी करून पाहू, असे सुचवले. त्याने केली. ओळ दुकानाच्या दारातून स्पष्ट वाचता आली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "भाऊ, दिसतंय झकास. पण गिऱ्हाईक येऊन म्हणेल, पैसे जाडचे घेतले अन् दिलं बारीक." मग त्याने 'बोल्ड' परत लावले.