विनोदाचे लक्ष्य कोण? ‘चला हवा येऊ द्या’विषयीच्या संमिश्र प्रेक्षकमतांचा एक विचार

प्रस्तावना :

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमाचे स्थान वेगळे आहे. झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम मार्च २०२४ पर्यंत, मधले खंड वगळता, चालू राहिला व २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह पुन्हा आला. डॉ. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, सागर कारंडे व श्रेया बुगडे ही नावे या काळात घरोघरी पोहोचली. तथापि या कार्यक्रमाविषयी त्याच्या चाहत्यांचे एकमत कधीच नव्हते. त्याला मनापासून दाद देणारे प्रेक्षकच त्यातील काही प्रहसनांविषयी नाराजी व्यक्त करीत आले. ही नाराजी केवळ अभिरुचिभेदातून येते की तिच्या मुळाशी काही वाङ्मयीन व सामाजिक प्रश्न आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे सर्वेक्षणाचा दावा नाही. प्रहसनांचे अवलोकन व इंदापूर तालुक्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांशी वर्गात झालेली चर्चा एवढाच आधार आहे.

‘पर्यायी विनोद’ ही संकल्पना :

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी ब्रिटनमधील ‘पर्यायी विनोद’ या चळवळीचा संदर्भ उपयुक्त ठरतो. लंडनमध्ये १९७९ साली ‘कॉमेडी स्टोअर’ हे विनोदगृह सुरू झाले. तत्पूर्वी तेथील करमणूक क्लबांतील विनोद मुख्यतः सासू, बायको, परदेशातून आलेले कृष्णवर्णीय व आशियाई लोक यांना लक्ष्य करीत असे. नव्या पिढीच्या विनोदकारांनी हे लक्ष्यच नाकारले. यातूनच १९८२ व १९८४ मध्ये बीबीसीवर ‘द यंग वन्स’ ही अवघ्या १२ भागांची मालिका आली. एका गलिच्छ घरात राहणारे चार विद्यार्थी हा तिचा विषय. तीमधील क्रांतीच्या गप्पा मारणारा रिक हा ढोंगी व भित्रा आहे आणि त्याची टर उडवणारे लेखक स्वतः डाव्या विचारांचे आहेत. म्हणजे विनोदाचा रोख दुर्बलावरून स्वतःकडे वळला. या मालिकेविषयीही मते संमिश्रच राहिली. तरुणांना ती आपली वाटली, तर अनेक ज्येष्ठांना तो नुसता गोंगाट व आचरटपणा वाटला. शिवाय स्त्रीद्वेषी विनोद नाकारणाऱ्या या मालिकेची चारही मुख्य पात्रे पुरुषच होती, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. जुने लक्ष्य नाकारल्याने रंगमंचावरील जागा आपोआप वाटली जात नाही, हे यावरून दिसते.

भाषेच्या अंगाने विचार :

याच कसोटीवर मराठी कार्यक्रम तपासता प्रथम त्याची जमेची बाजू दिसते. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही त्याच्या आरंभीच्या काळातील गाजलेली विनोदी मालिका. तिचा दर्जा निर्विवाद आहे. परंतु तिचे जग व तिची भाषा पांढरपेशा मध्यमवर्गाची होती. बोलीला रंगभूमीवर मान मिळाला होता. मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला आणि प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने मराठवाडी बोलीला नाट्यगृह मिळवून दिले. दूरचित्रवाणीवर मात्र बोली बहुधा नोकराच्या वा गावंढळ पात्राच्या तोंडी येत असे. ‘चला हवा येऊ द्या’मधील थुकरटवाडी हे कल्पित गाव या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथे हिंदी चित्रपटांतील तारे-तारका पाहुणे म्हणून येतात आणि यजमान आपल्या बोलीत त्यांचे स्वागत करतात. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ही तेथे टिंगलीचा विषय नसून टिंगल करण्याचे साधन आहे. पाहुण्याला ती समजत नाही, तेव्हा अडचण पाहुण्याची होते.

अरविंद जगताप यांनी लिहिलेली व पोस्टमनच्या भूमिकेतील सागर कारंडे यांनी वाचलेली पत्रे हाही याच बाजूचा भाग होय. विनोदी कार्यक्रमात डोळ्यांत पाणी आणणे काहींना अप्रस्तुत वाटले. परंतु गावातील माणसाचे सुखदुःख गांभीर्याने ऐकवले जात आहे, ही भावना ग्रामीण प्रेक्षकांत प्रबळ होती.

देहाच्या अंगाने विचार :

नाराजीचे मूळ दुसरीकडे आहे. पुरुष कलावंताने साडी नेसून येणे, पात्राचा रंग, जाडी, दात, उंची यांवर हशा मिळवणे या युक्त्यांचा अतिवापर झाला, ही तक्रार चाहत्यांकडूनच वारंवार झाली. यावर परंपरेचा दाखला दिला जातो आणि तो निराधार नाही. भरतमुनींनी हास्यरसाच्या विभावांत विकृत वेष व व्यंगदर्शन यांचा समावेश केलेला आहेच. परंतु त्याच नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशी प्रतवारीही केलेली आहे, हे विसरून चालत नाही.

साडीचीही आपल्याकडे एकच परंपरा नाही. बालगंधर्वांनी नेसलेली साडी हा आदर्श होता. स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले. आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’चे मूळ ‘चार्लीज आंट’ या ब्रिटिश प्रहसनात आहे. विजय चव्हाण यांनी रंगवलेल्या मावशीला प्रेक्षक मनमुराद हसले, कारण त्या वेषांतराला कथानकाची निकड होती. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात दोन तरुण साडी नेसतात ते पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून. तेथे हसू येते ते अडचणीला आणि ती निभावताना होणाऱ्या धांदलीला. प्रहसनात मात्र अनेकदा साडी नेसण्याला पुरुषाने साडी नेसली यापलीकडे कारणच उरत नाही. मग हशा कुणाला आला? बेढब, काळी वा वयस्क स्त्री हीच हसण्याजोगी, असे न बोलता ठरून जाते. श्रेया बुगडे यांच्यासारखी समर्थ नक्कलाकार संचात असताना स्त्रीपात्रे पुरुषांकडे जावीत, हेही विचार करण्यासारखे आहे.

सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८ पासून) या कार्यक्रमात गौरव मोरे यांनी स्वतःला ‘फिल्टर पाड्याचा बच्चन’ म्हणवून घेतले. आपल्या वस्तीचे नाव ते स्वतः, अभिमानाने व मिश्कीलपणे घेतात. उपेक्षित जागा तीच. पण तिच्याविषयी कोण बोलतो, याने हास्याची जात बदलते.

वर्गातील प्रतिध्वनी :

हास्यरस शिकवताना द्वितीय वर्ष कला वर्गात या कार्यक्रमांचा विषय निघाला. वाडीवरून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या घरात बोलतात तसं टीव्हीवर ऐकलं की बरं वाटतं. मग वर्गात तसं बोलायची लाज कमी होते.” थोडे थांबून तिने पुढे सांगितले, की टीव्हीवरचे विनोद ऐकून मुले तिच्या मैत्रिणीला रंगावरून नावे ठेवतात आणि ती मैत्रीण हल्ली पुढच्या बाकावर बसत नाही. हे विनोद कोणत्या कार्यक्रमातले, हा प्रश्न येथे गौण आहे. एकाच विद्यार्थिनीच्या एकाच उत्तरात दोन्ही मते होती, हे महत्त्वाचे. ग्रंथांतून जे समजण्यास मला बराच अवधी लागला, ते तिने दोन वाक्यांत सांगितले.

निष्कर्ष :

१. ‘चला हवा येऊ द्या’विषयीची संमिश्र मते ही दोन गटांतील भांडण नसून बहुधा एकाच प्रेक्षकाच्या मनातील द्वंद्व आहे.

२. या कार्यक्रमाने भाषेच्या बाबतीत ‘पर्यायी’ विनोद साधला. देहाच्या बाबतीत मात्र तो जुन्याच वाटेने गेला. बोलीला त्याने हसणाऱ्याच्या जागी बसवले, स्त्रीदेहाला मात्र हसू येण्याच्या जागीच ठेवले.

३. वेषांतर वा व्यंग त्याज्य नाही. त्याला प्रसंगाची निकड आहे काय, ही कसोटी आपल्याच नाट्यपरंपरेतून मिळते.

विनोदाला बंधने घालावीत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ज्या विनोदाने एका मुलीची बोलीविषयीची लाज कमी केली, त्याच्याकडून तिच्या मैत्रिणीला पुढच्या बाकावर परत आणण्याची अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये. साहित्याच्या अध्यापकांनी या कार्यक्रमांकडे निव्वळ करमणूक म्हणून न पाहता वर्गात त्यांची चिकित्सा करावी, एवढेच सुचवावेसे वाटते.