‘डार्क सोल्स’मधील सिगमायर : साहाय्याची शोकांतिका

हिदेताका मियाझाकी दिग्दर्शित ‘डार्क सोल्स’ (२०११) या जपानी व्हिडिओ गेममधील गौण पात्रांत कॅटरिनाचा शिलेदार सिगमायर विशेष लोकप्रिय आहे. कांद्याच्या आकाराचे चिलखत ल्यालेला हा वीर प्रथमदर्शनी विनोदी वाटतो. सेन्सच्या किल्ल्यात, अनोर लोंडो नगरीत तो अडून बसतो आणि खेळाडू त्याची वाट मोकळी करतो. मात्र प्रत्येक उपकारागणिक त्याचा स्वाभिमान खचत जातो. इझालिथमध्ये तो खेळाडूसाठी प्राण पणाला लावतो; तेथेही खेळाडूने त्याला वाचविले, तर ॲश लेकच्या काठी भान हरपलेल्या पित्याचा अंत कन्या सिगलिंडेलाच करावा लागतो. नायकाचे साहाय्यच येथे दुसऱ्याच्या जगण्याचे प्रयोजन हिरावून घेते. गौण असूनही हे पात्र नायकत्वाच्या कल्पनेचीच कठोर चिकित्सा करते.